नाखव्यांचा तिसरा हंगाम

कुवेतला जाते म्हटल्यावर जळगावात प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "मुलगा आहे का तिकडे?" मुलगा नाही, मुलगीही नाही, मैत्रीण आहे आणि मी तिच्याकडे बेसबॉल बघायला चालले आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस पाणी पिऊन विषय बदलायचा. बहिणीने तर स्पष्टच म्हटलं, "शैला, या वयात लोक काशीला जातात."

त्यांना काय सांगणार? मुलींच्या शाळेत जन्मभर खेळाची शिक्षिका होते मी, पण त्याआधी सॉफ्टबॉल खेळायचे. राज्याच्या संघात मी कॅचर होते आणि नसरीन पिचर. पिचर चेंडू टाकते, आणि कॅचर फलंदाजाच्या मागे उकिडवी बसून तो झेलते. कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर बोटांनी खुणावते, पिचर मान हलवते. त्या दोघींचं जमलं नाही तर बाकीच्या सात जणींनी कितीही धावपळ केली तरी संघ बुडालाच.

आमचं जमलं होतं. ती हर्णैची, समुद्रकाठची. मी खानदेशातली, आयुष्यात समुद्र न पाहिलेली. सराव शिबिरात मे महिन्याच्या उन्हात ती टाकायची आणि मी झेलायचे. संध्याकाळी माझा तळवा पुरीसारखा फुगलेला असायचा. मग तीच माठाच्या गार पाण्यात फडकं भिजवून त्यावर बांधायची. तिने घरून आणलेल्या सुक्या जवळ्याच्या वासावरून खोलीतल्या मुलींनी एकदा मोठं भांडण केलं. दुसऱ्या दिवशी त्याच जवळ्याची चटणी भाकरीबरोबर सगळ्यांनी बोटं चाटून संपवली. पुढे ती नर्सिंग शिकली, लग्न झालं, कुवेतच्या एका हॉस्पिटलात लागली. फोन होत राहिले. भेट मात्र राहून गेली, ती थेट साठीपर्यंत.

महबूला

आपल्याकडे कुवेत म्हटलं की ऊन एवढंच डोक्यात असतं. मी सुती साड्या आणि एक पातळ शाल घेऊन गेले. फेब्रुवारीत तिथे सकाळी असं वारं सुटतं की दात वाजतात. विमानतळावर नसरीन ड्युटीमुळे येऊ शकली नव्हती. टॅक्सीवाल्याने मला महबूलात एका इमारतीसमोर सोडलं आणि तो गेला. तिथल्या सगळ्या इमारती वाळूच्या रंगाच्या, सगळ्यांच्या खाली एक बकाला, म्हणजे किराणा दुकान, आणि सगळ्यांच्या मधे गाड्या लावायला मोकळी वाळू. मी पाचव्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. दार उघडलं ते एका केरळी बाईंनी. चुकीची इमारत! माझी पातळ शाल पाहून आणि वाजणारे दात ऐकून त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला, स्वतःचा स्वेटर अंगात चढवायला लावला आणि नसरीनला फोन लावला.

"शैले! अगो, बाजूच्या बिल्डिंगीत काय करतेस?"

ती हॉस्पिटलच्या कपड्यांतच धावत आली. केस पांढरे झाले होते, चाल तीच होती, पिचरची, डावा खांदा किंचित पुढे. जिन्यातच आम्ही एकमेकींना धरून उभ्या राहिलो. लिफ्टमधून उतरणारी मंडळी आम्हाला वळसा घालून जात होती.

घरात ती आणि तिचा मुलगा झैद, दोघंच. नवरा, सलीमभाई, रिफायनरीतलं काम संपल्यावर गेल्या वर्षीच हर्णैला परतले होते आणि घराची कौलं उतरवून स्लॅब घालत होते. नसरीनची नोकरीही आता उन्हाळ्याआधी संपणार होती. राहता राहिला झैद. बावीसेक वर्षांचा, लग्नानंतर फार उशिरा झालेला, कुवेतातच जन्मलेला.

"मावशी, वेलकम," म्हणत त्याने माझी बॅग उचलली. आई कोकणी मराठीत बोलायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं काही अडायचं नाही.

या पोराला नसरीनने इमारतीखालच्या त्या वाळूत खेळ शिकवला होता. आधी मोज्याचा गोळा, मग टेनिसचा चेंडू, मग खरा. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू हात खालून फिरवून टाकतात, बेसबॉलमध्ये डोक्यावरून. तो पुढे बेसबॉलकडे वळला आणि आता कुवेतच्या व्यावसायिक संघाच्या उंबरठ्यावर उभा होता. संघ अवघे दोन हंगाम जुना. नाव 'नोखदा'.

"नोखदा म्हणजे काय सांग," नसरीन तांदळाची भाकरी थापता थापता म्हणाली. "आपला नाखवा गो! गलबताचा तांडेल. नाव ऐकलं त्या दिवशी मी म्हटलं, पोरा, हा संघ आपलाच."

मग भाकरी तव्यावर टाकत पाठमोरीच म्हणाली, "पुढल्या शुक्रवारी निवड आहे. कॉलेज संपलं त्याचं. संघाने करार केला तर अकामा मिळेल, राहील इथे. नाहीतर माझ्याबरोबर हर्णैला." अकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. तिथे जन्मलेल्या पोरालाही तो लागतोच, आणि मोठ्या झालेल्या मुलाला आईबापाच्या नावावर राहता येत नाही.

"तुला काय व्हावंसं वाटतं?" मी विचारलं.

"नमाजाला बसते तेव्हा दुआ कसली मागू, तेच कळत नाही."

रुमैथिया

संघाचा इतिहास ऐकायचा तर अबू युसुफकडे गेलं पाहिजे, असं झैद म्हणाला. अबू युसुफ हे संघाचे व्यवस्थापक, सत्तरी ओलांडलेले कुवेती गृहस्थ. रुमैथियातल्या त्यांच्या घराला बाहेरच्या बाजूने एक लांब बैठकीची खोली आहे, दिवाणिया. संध्याकाळी तिथे ओळखीचेपाळखीचे पुरुष येऊन बसतात. आपल्याकडे देवळाच्या पारावर बसतात तसं, फक्त इथे गादी मऊ आणि घड्याळाकडे कोणी बघत नाही. बायकांची बैठक वेगळी असते म्हणून मी आणि नसरीन आत त्यांच्या पत्नीजवळ बसलो. त्यांनी वेलचीची फिकट कडू कॉफी दिली. चिमुकला कप रिकामा झाला की त्या पुन्हा भरायच्या. नको असेल तर कप हलवून परत द्यायचा असतो, हे मला नसरीनने सांगेपर्यंत माझ्या छातीत धडधडू लागलं होतं.

अबू युसुफ झैदला घेऊन आत आले आणि चक्क हिंदीत बोलू लागले. "मेरा बाप बंबई जाता था, खजूर लेके. वापस आता था तो लकडी, चावल, मसाला. मैं छोटा था, हिंदी उधर से आया."

त्यांचे वडील खरोखरीचे नोखदा. त्यांचं गलबत कोकण किनाऱ्याने जायचं हे ऐकल्यावर नसरीनने हर्णैच्या किल्ल्याचं वर्णन सुरू केलं आणि म्हातारा डोळे मिटून ऐकत राहिला.

बेसबॉल त्यांनी तरुणपणी अमेरिकेत शिकताना उचलला. परतताना एक बॅट आणि दोन ग्लोव्ह घेऊन आले. अहमदीला तेलकंपनीतले काही परदेशी इंजिनिअर शुक्रवारी खेळायचे, त्यांच्यात हेही सामील झाले. मैदान कसलं, वाळूवर तेलाचा थर ओतून रोलर फिरवलेला. पडलं की कपडे काळे. "मेरी मां बोलती थी, तू खेलने जाता है या कुआं खोदने?" मग इराकच्या आक्रमणाचं वर्ष आलं. खेळणारे पांगले. काही परत आलेच नाहीत. पुढे बऱ्याच वर्षांनी फिलिपिनो आणि श्रीलंकन कामगारांनी त्याच जागी शुक्रवारचा खेळ पुन्हा मांडला. अबू युसुफ एक दिवस गाडी थांबवून बघत राहिले आणि दुसऱ्या शुक्रवारी जुना ग्लोव्ह घेऊन हजर झाले. त्या शुक्रवारच्या खेळातून नोखदा उभा राहिला.

आखातातल्या नव्या लीगमध्ये त्यांनी पहिल्या वर्षी जवळपास सगळे सामने गमावले. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे घरचे, हातात चहाचे थर्मास घेऊन. एका सामन्यात वाऱ्याने पिचरच्या पायाखालचा उंचवटाच उडवून नेला. दुसऱ्या वर्षी जपानी प्रशिक्षक आले आणि संघ अंतिम फेरीच्या दारापर्यंत पोहोचला.

"आणि यंदा?" मी विचारलं.

त्यांनी हात पसरले. फलंदाजी भक्कम. कॅचर रॉनी, फिलिपिनो, अख्ख्या लीगमध्ये त्याच्या तोडीचा नाही. पण गेल्या वर्षीचा मुख्य पिचर दुसऱ्या देशात गेला. दोघं नवे घेतले आहेत, तिसऱ्याची एकच जागा शिल्लक आहे. "कोच कहता है, झैद का हाथ अच्छा है. लेकिन मॅच में मार खाता है. क्यों, किसी को मालूम नहीं."

झैद खाली बघत होता. नसरीन खजुराच्या बिया ताटलीत एका ओळीत लावत होती.

अहमदी

सरावाच्या मैदानावर आता हिरवं कृत्रिम गवत आहे. लांबवर मीना अल-अहमदी रिफायनरीच्या चिमण्यांच्या ज्वाळा दिवसाही दिसतात. वाऱ्याला तेलाचा वास. पण मैदानात पाऊल टाकलं, ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा तो 'थप्' आवाज ऐकला आणि मी एकदम शिबिरातल्या त्या मातीवर जाऊन उभी राहिले. डोळे पुसायला स्वेटरची बाही वापरावी लागली, तीही केरळी बाईंची.

त्या दिवशी रॉनीला दाताच्या डॉक्टरकडे जावं लागलं होतं. झैदचे चेंडू झेलायला कोणी मोकळं नव्हतं. मी म्हटलं, "मी बसते."

"मावशी, नो वे," झैद हसला.

प्रशिक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी माझे तळवे उलटेसुलटे पाहिले, वाकड्या झालेल्या बोटांवर नजर फिरवली आणि मान तुकवून मास्क माझ्या हातात दिला. गुडघे काही वाकेनात. मग पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिकचं खोकं उलटं घालून मी त्यावर बसले. छातीवर पट्टा, तोंडावर मास्क, खाली साडी. मैदानावरची सगळी पोरं काम थांबवून बघत होती.

"हळू टाक बरं," नसरीन जाळीबाहेरून ओरडली.

त्याने हळूच टाकलं. तरी पहिला चेंडू तळव्याला असा लागला की मी देवाचं नाव घेतलं. तिसऱ्या-चौथ्या चेंडूला मला तो दिसायला लागला. शेवटच्या क्षणी किंचित खाली मान टाकणारा. हात वरून येत होता, पण चेंडूचं ते वागणं हुबेहूब आईचं. मला हसू फुटलं. मी बोटांनी खुणा करायला लागले, जलद, सावकाश, जलद. तोही रंगात आला.

आणि मग ते माझ्या लक्षात आलं. सावकाश चेंडूसाठी चेंडू तळहातात खोल धरावा लागतो. तो तसा धरताना त्याचा डाव्या हातातला ग्लोव्ह छातीशी जरासा उघडायचा, कोंबडी पंख सैल करते तसा. जलद चेंडूच्या वेळी ग्लोव्ह मिटलेला. मी खूण न करता त्याला त्याच्या मनाने टाकायला सांगितलं आणि प्रत्येक वेळी चेंडू सुटायच्या आत मला कळत गेलं. फलंदाजालाही कळत असणार. सरावात आपलेच गडी, कोणी तेवढं निरखत नाही. सामन्यात समोरचा प्रत्येक डोळा पिचरवर असतो.

मी मास्क काढून जाळीकडे पाहिलं. नसरीन माझ्याचकडे बघत होती. आणि तिच्या चेहऱ्यावरून मला समजलं की तिलाही ते माहीत आहे.

मासळीबाजार

दुसऱ्या दिवशी ती मला मासे घ्यायला घेऊन गेली. स्वच्छ फरशी, बर्फाचे ढीग, आणि त्यावर आपलं पापलेट झुबैदी नाव घेऊन ऐटीत पहुडलेलं. कोळणी नाहीत, सगळे पुरुष विक्रेते. घासाघीस मात्र तशीच. नसरीनने कल्ले उघडून पाहिले, नाक मुरडलं, दुसऱ्या ठेल्यावर गेली, पुन्हा पहिल्यावर आली.

पिशवी भरल्यावर आम्ही बाहेर समुद्राकडे तोंड करून बसलो.

"कधीपासून माहिती आहे तुला?" मी विचारलं.

ती लगेच बोलली. जणू मी विचारायची वाटच बघत होती. "गेल्या वर्षापासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"रोज ठरवते, सांगीन. मग विचार येतो, नाही निवडला तर माझ्याबरोबर येईल. घर नवं झालंय, बाप वाट बघतोय. इथे एकटा काय खाईल, तापला तर कोण बघेल? मी नर्स आहे शैले, एकट्या पोरांना तापात पडलेलं किती बघितलंय." तिने ओढणीने नाक पुसलं. "आणि तिकडे नेऊन काय करू, तेही कळत नाही. सुट्टीत नेलं की दोन आठवड्यांत विचारतो, मम्मी, घरी कधी जायचं? घरी म्हणजे इथे."

मला राग आला होता. कॅचर होते मी. पिचरने माझ्यापासून काही लपवलं तर यायचा तसा राग. पण मला मूल नाही, आणि मोठं होऊन परक्या देशात एकटं राहणाऱ्या मुलाची आई होणं काय असतं ते मला ठाऊक नाही. मी एवढंच म्हटलं, "मी त्याला सांगणार नाही. ते तुझं आहे. पण त्याचा हात चांगला आहे, नसरीन. उद्या तो मनाशी धरून बसेल की आपल्यात दमच नव्हता."

ती पिशवी उचलून गाडीकडे निघाली. त्या दुपारी झुबैदीचं कालवण खारट झालं.

निवडीचा सामना

शुक्रवारी संघातल्याच खेळाडूंचे दोन गट करून सामना ठेवला होता. विरुद्ध गटात संघाचे सगळे बिनीचे फलंदाज. आकाश सकाळपासून पिवळट होतं. बायका, मुलं, थर्मास असा पन्नासेक माणसांचा मेळा जमला. अबू युसुफ काठी टेकत मैदानाच्या कडेला बसले.

झैदने सुरुवात झोकात केली. पहिला फलंदाज जलद चेंडूवर चुकला. दुसऱ्याने सावकाश चेंडू आला तेव्हा तो आधीच माहीत असल्यासारखी वाट पाहिली आणि जाळीपर्यंत हाणला. तिसऱ्याने तेच केलं. चौथ्यानेही. पोराचा चेहरा उतरत गेला. दोन धावा गेल्या. प्रशिक्षक कागदावर न बघता दुसऱ्या पिचरकडे बघायला लागले.

माझ्या शेजारची जागा रिकामी झाली.

नसरीन जाळीपाशी पोहोचली होती. डाव संपून गडी आत येत होते. "झैद, इकडे ये," तिने हाक मारली. तो जाळीच्या पलीकडे येऊन उभा राहिला, मान खाली.

"मम्मी, प्लीज. नॉट नाऊ."

"आत्ताच. ऐक. सावकाश टाकताना तुझा ग्लोव्ह उघडतो. त्यांना दिसतंय."

तो बघतच राहिला. "व्हॉट?"

तिने ओढणी खांद्यावर मारली, डावा हात छातीशी धरला आणि दाखवलं, असा मिटलेला, असा उघडलेला. "चेंडू आधीच खोल धर. दरवेळी. मग जलद टाकायचा असेल तर आतल्या आत बोटं सरकव. ग्लोव्ह हलता कामा नये. कळलं?"

"तुला कधीपासून..." हे तो मराठीत बोलला. तिच्याशी मराठीत बोलताना मी त्याला तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

"बऱ्याच दिवसांपासून," ती म्हणाली. "नंतर भांड माझ्याशी. आत्ता जा."

तो गेला. पुढच्या डावात त्याचे पहिले चेंडू वेडेवाकडे पडले, कारण नवी पकड अंगवळणी पडायला वेळ लागतो. रॉनीने दोनदा उडी मारून ते अडवले. नंतर हळूहळू जमलं. एक फलंदाज सावकाश चेंडूवर इतका लवकर बॅट फिरवून बसला की स्वतःभोवतीच फिरला, आणि थर्मासवाल्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. प्रशिक्षक उभे राहिले. तेवढ्यात पिवळं आकाश खाली उतरलं. धुळीचा लोट आला, दोन हातांवरचं दिसेना. सगळे ओढण्या, टोप्या, पिशव्या तोंडाला लावून भिंतीच्या आडोशाला पळाले. सामना तिथेच थांबला.

त्या धुळीतच प्रशिक्षक आमच्यापाशी आले. झैदच्या खांद्यावर हात ठेवून एकच शब्द बोलले, "साइन." मग नसरीनपुढे कमरेत वाकले. तिला काय करावं सुचेना. तीही वाकली.

घरी आल्यावर झैद स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "तू नाही सांगितलंस म्हणून मी निवडीतून जवळजवळ गेलोच होतो, मम्मी."

"हो," ती म्हणाली.

"मग आज का सांगितलंस?"

नसरीन भांडी विसळत होती. "तुझा चेहरा पडला, तो बघवेना." मग तो पुढे झाला, नळ बंद केला आणि तिच्या हातातली भांडी घेऊन पुसायला लागला.

हे लिहिते आहे तेव्हा नसरीन हर्णैला परतली आहे. नोकरी ठरल्या दिवशी संपली. झैद रॉनीबरोबर अहमदीला एका खोलीत राहतो, वरण करायला शिकला आहे आणि फोनवर आईच्या मराठीत शिव्या खातो. संघाचं कसं चाललंय म्हणाल तर बरं चाललंय, एवढंच. अंतिम फेरीचं वेड अबू युसुफनी सोडलेलं नाही, पण पिचर अजून कोवळे आहेत आणि फलंदाज दमतात. हंगामाचा पहिला सामना मी परतायच्या आदल्या दुपारी झाला, तो आम्ही थोडक्यात हरलो. झैदला शेवटचे काही चेंडू टाकायला मिळाले.

पण त्या सामन्यातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते सुरुवातीचं. खेळाडू एकेक करून मैदानात धावत येत होते आणि भोंग्यावरून त्यांचं नाव आणि गाव पुकारलं जात होतं. रॉनी, सेबूचा. दुसरा कोणी कँडीचा, तिसरा काठमांडूचा. प्रत्येक गावाच्या नावाला प्रेक्षकांत कुठेतरी चारदोन माणसं ओरडून उठायची. मग आवाज आला, "झैद... महबूला, कुवेत."

नसरीनने माझा हात घट्ट धरला. "हर्णै नाही म्हणाला गो."

"नाही."

आमच्या मागच्या रांगांत आमच्या आणि बाजूच्या इमारतीतली सगळी ओळखीची मंडळी होती. केरळी बाई, बकालावाला, खालच्या मजल्यावरचं सोलापूरचं जोडपं. सगळीच्या सगळी उठून ओरडायला लागली. नसरीनने वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग मैदानात छाती काढून उभ्या असलेल्या लेकाकडे पाहिलं.

"बरोबरच आहे," ती म्हणाली, आणि हात सोडवून घेऊन, उठून उभी राहून, त्यांच्याहून मोठ्याने टाळ्या वाजवू लागली.